नवतप्यातलं नागपूर आणि ध्रुवावरच्या काळ्या जलपिसवा

२४ मे

विदर्भ एक्सप्रेसने वर्धा सोडलं की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा नूर बदलतो. सकाळचे नऊही वाजलेले नसतात आणि हात बाहेर काढला तर झळ लागते. भर मे महिन्यात नागपूरला कशाला, असं ठाण्यात सगळ्यांनी विचारलं होतं. मी हा आठवडा मुद्दाम निवडला होता. माझी भाची नॉर्वेत गोड्या पाण्यातल्या प्राणिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या प्राण्यांवर पीएच.डी. करते आणि सध्या सुट्टीला घरी आली आहे. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, बसतो; २६ मेला नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो. आर्क्टिकच्या उन्हाळ्यात जिथे सूर्य मावळतच नाही, तिथले दोन-तीन मिलिमीटरचे जीव त्या उन्हात कसे टिकतात, हे तिच्याकडून नीट समजून घ्यायचं होतं. त्यासाठी डोक्यावर नागपूरचं ऊन असावं, असं मला वाटत होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. डॅफ्नियाच्या, म्हणजे जलपिसूच्या, हृदयाचे ठोके मोजायचा प्रयोग मुलांकडून करून घेते. पण काळा डॅफ्निया मी कधी पाहिला नव्हता.

स्टेशनवरून प्रतापनगरला जाताना ऑटोवाल्याने सांगितलं, "मॅडम, अकरानंतर बाहेर निघू नका जी. पारा पंचेचाळीसवर जाऊन राहिला." सिग्नलला उभ्या असलेल्या स्कूटरवाल्या मुली डोळे सोडून सगळ्या झाकलेल्या होत्या. डोक्याला-तोंडाला घट्ट स्कार्फ, हातात कोपराच्या वरपर्यंत पांढरे मोजे. या शहरात २३ मे २०१३ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ते आकडे माहीत असले तरी रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नाहीत.

ताईकडे कूलरला नवे वाळ्याचे ताटे लावलेले होते. पन्हं झालं, जेवण झालं, झोप झाली. दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाला तो रात्री, जेवणाचं टेबल रिकामं करून भाचीने मायक्रोस्कोप मांडला तेव्हा.

तिने दोन कायमच्या स्लाइड आणल्या होत्या, दोन्ही स्वालबार्डच्या तळ्यांतल्या. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेचा द्वीपसमूह. २००८ सालापासून तिथल्या न्यू-ओलेसुंद गावात हिमाद्री हे भारताचंही संशोधन केंद्र आहे. पहिल्या स्लाइडवर डॅफ्निया होता. आपल्याला ठाऊक असलेला डॅफ्निया काचेसारखा असतो. आतली हिरवी आतडी, पाठीमागे धडधडणारं हृदय, अंडी, सगळं आरपार दिसतं. हा मात्र जुन्या पितळेवर राप चढावा तसा तपकिरी होता. डोक्यावर आणि पाठीच्या कडेला रंग सर्वांत दाट, जवळजवळ काळा. पोटाकडे येता येता विरळ. मोठ्या भिंगाखाली कवचावरची चौकोनी जाळीची नक्षी दिसली आणि रंग त्या कवचातच मुरलेला दिसला, आतल्या मांसात नाही. हे मेलॅनिन. आपल्या कातडीत असतं तेच रंगद्रव्य.

दुसऱ्या स्लाइडवर कोपेपॉड होता, म्हणजे पुस्तकातल्या सायक्लॉप्सच्या भाऊबंदांपैकी एक इवला कवचधारी. तो अगदी फिका, रंगहीन दिसत होता.

"हा तिकडे पाण्यात लालभडक असतो, मावशी," भाची म्हणाली. "पण याचा रंग कॅरोटिनॉइडचा आहे. अल्कोहोलमध्ये ठेवला की विरघळून निघून जातो. मेलॅनिन जात नाही, म्हणून डॅफ्निया अजून तसाच आहे."

एकाच तळ्यात राहणारे, एकाच उन्हाखालचे दोन जीव आणि दोघांचे उपाय वेगळे. कोपेपॉडला कॅरोटिनॉइड स्वतः बनवता येत नाहीत. तो शेवाळ खातो, त्यातलं कॅरोटिन घेतो आणि त्याचं लाल अ‍ॅस्टाझँथिन करून अंगात साठवतो. हे रंगद्रव्य अतिनील किरण फारसे अडवत नाही. किरणांमुळे पेशींत जे विध्वंसक ऑक्सिजन-रेणू तयार होतात, त्यांना ते निष्प्रभ करतं. डॅफ्निया मात्र किरण दारातच अडवतो. टायरोसिन या अमिनो आम्लापासून तो स्वतः मेलॅनिन बनवतो आणि कवचात भरतो.

त्यात एक मोठी अडचण आहे, आणि मला सगळ्यात जास्त ती भावली. डॅफ्नियाला वाढायचं तर कात टाकावी लागते. कात टाकली की जुनं कवच जातं आणि त्यातलं मेलॅनिनही जातं. सकाळी पाहिलेल्या त्या मुलींना दर काही दिवसांनी स्कार्फ फेकून, नवं सूत कातून, नवा विणावा लागला असता, आणि तो विणेपर्यंत पोटाला कमी खावं लागलं असतं, तर जे झालं असतं ते या जिवाचं आयुष्यभर चालतं. टायरोसिन अन्नातल्या प्रथिनांतून येतं. ध्रुवीय तळ्यात अन्न आधीच तुटपुंजं. म्हणून काळे डॅफ्निया पारदर्शक भावंडांपेक्षा हळू वाढतात, आणि अन्न कमी असलेल्या पण जरा खोल तळ्यात पारदर्शक वाण त्यांना मागे टाकतात. रंग फुकट मिळत नाही, हे त्या स्लाइडकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं.

२५ मे, नवतपा बसला

पहाटे साडेपाचला फुटाळा तलाव. भोसल्यांच्या काळातला हा तलाव, आता एका बाजूला चौपाटी आणि पाण्यात कारंज्यांचा सांगाडा. फिरायला आलेली माणसं होती. दोघे-तिघे मासेमार हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी ओढत होते. त्यांच्या पिशवीत तिलापिया तडफडत होत्या. त्या तिलापिया लक्षात ठेवायच्या.

भाचीने आधी पाण्याची पारदर्शकता पाहिली. काळ्या-पांढऱ्या चार भागांत रंगवलेली तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. ही युक्ती १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रावर वापरली आणि तबकडीला आजही त्याचंच नाव आहे. फुटाळ्यात ती हातभर खाली जायच्या आतच हिरव्या पाण्यात बुडाली.

मग जाळी. नायलॉनच्या बारीक कापडाचा शंकू, टोकाला छोटी बाटली. काठाला समांतर दोन-चार वेळा ओढली आणि बाटली उन्हाकडे धरली. आत भुरभुरीत ठिपके उड्या मारत होते. घरी येऊन थेंब भिंगाखाली घेतला. मोइना आणि डायाफॅनोसोमा या डॅफ्नियाच्या नात्यातल्या जलपिसवा होत्या, सायक्लॉप्सच्या गटातले पुष्कळ होते. एका मोइनाच्या पाठीवरच्या पिशवीत पिल्लं वळवळत होती, त्यांचे डोळेसुद्धा आलेले होते. आतडं हिरवं, बाकी सगळं पाणी. एकाच्याही अंगावर तपकिरी छटा नाही.

माझा प्रश्न साधा होता. नागपूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन स्वालबार्डच्या कुठल्याही उन्हापेक्षा कितीतरी कडक. अतिनील किरणांचा निर्देशांक आपल्याकडे या दिवसांत दहाच्या पुढे जातो; तिकडे त्याच्या निम्माही नसतो. मग काळं कोणी व्हायला हवं?

भाचीने उत्तर द्यायच्या आधी बाटलीतलं पाणी पांढऱ्या पेल्यात ओतलं. "हे पाणी बघ. हेच यांचं छप्पर."

विरघळलेला सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कुजलेल्या पाना-मुळांचा चहासारखा अर्क, अतिनील किरण झपाट्याने शोषतो. त्यात शेवाळ, गाळ आणि शहराचं सांडपाणी मिसळलं की अतिनील-ब, म्हणजे त्यांतला जास्त घातक प्रकार, वरच्या काही सेंटिमीटरमध्येच संपतात. जलपिसू वीतभर खाली गेली तरी सुरक्षित. आणि तिला खाली जायचं कळतं. एकाच संयुक्त डोळ्याच्या या जिवाला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण जाणवतात. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी डॅफ्नियाच्या भांड्यावर प्रकाशाचा पट्टा पाडून पाहिलं. डॅफ्निया पिवळ्या-हिरव्या भागात गोळा झाले आणि जांभळ्याच्या पलीकडचा, माणसाला अंधारच वाटणारा भागही त्यांना जाणवतो असं दिसलं. पुढे त्यांच्या डोळ्यात चार प्रकारचे प्रकाशग्राही सापडले, त्यांतला एक अतिनीलसाठीच.

स्वालबार्डमधलं तळं वेगळं. झाडं नाहीत, माती नावापुरती, त्यामुळे पाण्यात तो चहा उतरतच नाही. पाणी काचेसारखं आणि खोली अनेकदा गुडघ्याएवढीसुद्धा नाही. तळाचा दगडन् दगड दिसतो. किरण तळापर्यंत पोहोचतात, म्हणजे पळून जायला खाली जागा नाही. काठावर बर्फ असेल तर तो आणखी किरण परतवतो. ताजा बर्फ अतिनीलचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परावर्तित करतो. आणि रात्र होत नाही. स्वालबार्डमधल्या लाँगयिअरब्येन गावात साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही.

थंडीची गोष्ट मला नवी होती. अतिनील-ब किरणांनी डीएनएमधले शेजारचे दुवे चुकीचे चिकटतात. ते सोडवायला फोटोलायेज नावाचं विकर असतं आणि त्याला काम करायला निळा प्रकाश व अतिनील-अ लागतो. म्हणजे ज्या उन्हाने बिघडवलं त्याच उन्हातून दुरुस्तीची शक्ती येते. ही व्यवस्था मला अद्भुत वाटते. पण दुरुस्तीचा वेग तापमानावर ठरतो. ३० अंशांच्या फुटाळ्यात ती भराभर होते, ५ अंशांच्या तळ्यात रेंगाळते. थंड पाण्यात जखम भरायला वेळ लागतो, म्हणून जखम होऊच न देण्यावर जोर.

आता तिलापिया. काळा ठिपका स्वच्छ पाण्यात माशाला लांबून दिसतो. फुटाळ्यात रंग चढवलेली जलपिसू दुपारपर्यंत टिकायची नाही. ध्रुवीय प्रदेशातली बहुसंख्य उथळ तळी हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात, त्यामुळे तिथे मासा जगत नाही. लेपिड्युरस आर्क्टिकस नावाचा ढालीसारख्या पाठीचा एक कवचधारी मात्र असतो, आणि तो डॅफ्निया खातो. पण तो तळाशी चाचपडत शिकार करतो. माशासारखा दुरून रंग हेरत नाही.

म्हणजे काळं होण्यासाठी सगळं जुळून यावं लागतं. लपायला जागा नको, बघणारा मासा नको आणि पाणी थंड हवं. उन्हाची तीव्रता ही त्यातली एकच बाजू. पुस्तकात "तीव्र सूर्यप्रकाशाशी अनुकूलन" एवढं एक वाक्य असतं आणि मुलं ते पाठ करतात. त्या वाक्यात तळ्याची खोली नाही, मासा नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते वाक्य मुलांना काही सांगत नाही.

२६ मे

शून्य सावली. बाराच्या आधी आम्ही गच्चीवर. फरशीवर चप्पल घालूनही उभं राहवेना, म्हणून ओलं पोतं टाकलं. भाचीने स्टीलचा उभट डबा मधोमध ठेवला. त्याची सावली आक्रसत आक्रसत गेली आणि १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास बुडाशी नाहीशी झाली. सूर्य अगदी माथ्यावर. शेजारच्या गच्चीवरची मुलं स्वतःच्या पायाखाली सावली शोधत नाचत होती.

"लाँगयिअरब्येनला आज या डब्याची सावली डब्याच्या दीडपट पडेल," भाची म्हणाली. तिथे २१ जूनला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३५ अंशच वर असतो. मध्यरात्री साडेअकरा अंशांवर येतो, पण बुडत नाही. तिरप्या किरणांना वातावरणाच्या जास्त जाड थरातून यावं लागतं, त्यात ओझोन पुष्कळ अतिनील-ब गाळून घेतो. तरी दिवस २४ तासांचा असल्याने बेरीज वाढत जाते. वातावरणाच्या वर मोजलं तर जूनच्या अखेरीस उत्तर ध्रुवाला दिवसभरात मिळणारी सूर्यशक्ती विषुववृत्तापेक्षा जास्त भरते. आमच्या डब्याला आज मिळालेलं ऊन संध्याकाळी सातला संपणार होतं. मग फुटाळ्यातल्या जलपिसवांना रात्रभर उन्हापासून सुटका, वर येऊन निवांत चरणं. स्वालबार्डच्या डॅफ्नियाला ती रात्र नसते.

काळा रंग ऊब घेण्यासाठी असेल, ही कल्पना खूप जणांना सुचते. मलाही माझ्या वर्गात तोच तर्क ऐकू येतो. पण दोन मिलिमीटरचं शरीर चहूबाजूंनी पाण्यात असतं. मिळालेली उष्णता पाणी क्षणात काढून घेतं. १९९०मध्ये हेबर्ट आणि एमरी या संशोधकांनी डॅफ्नियाच्या रंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे रंगाचा फायदा अतिनीलपासून बचावाचा आहे, उबेचा नाही.

गच्चीच्या कोपऱ्यात कमळाची सिमेंटची कुंडी आहे. मे महिन्यात पाणी अर्ध्यावर आलेलं, कोमट, कुजकट वासाचं. वाकून बघितलं तर पाण्यात तांबूस ढगासारखं काही हलत होतं. पेल्यात घेतलं तर मोइना, आणि लाल! नागपूरच्या उन्हात लाल झालेल्या जलपिसवा समोर असताना दोघींचंही जेवण लांबलं.

इथे जवळून बघायला लागतं. भिंगाखाली या मोइनाचं कवच स्वच्छ होतं, फिकी जाळी तेवढी. लाली आत, वाहत्या द्रवात होती. हृदय आकुंचलं की गुलाबी लाट पाठीकडून पुढे सरकायची. हे हिमोग्लोबिन. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की डॅफ्निया आणि मोइना काही दिवसांत जास्त हिमोग्लोबिन बनवतात आणि लाल दिसू लागतात. कोपेपॉडचा लाल रंग शेवाळातून आलेला, हा लाल रंग गुदमरण्यावरचा उपाय. उन्हाशी याचा संबंध एवढाच की पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. भाचीने त्यातल्या काही मोइना ताज्या पाण्यात वेगळ्या काढल्या आणि खिडकीतल्या पेल्यात सावलीला ठेवल्या.

संध्याकाळी ताईच्या सासूबाई, माई, आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. त्यांना सायक्लॉप्स दाखवला. डोळा लावून बराच वेळ बघितलं त्यांनी.

"हाच का तो नारूचा किडा?"

नारूचा जंत वेगळा, पण त्याची पिल्लं याच सायक्लॉप्सच्या पोटात वाढायची, आणि पाण्याबरोबर सायक्लॉप्स पोटात गेला की नारू व्हायचा. माई सांगू लागल्या. "आमच्या गावाले पायऱ्याची विहीर होती. लोकं पाय बुडवूनच पानी भरत. मांडीतून दोऱ्यावानी निंघे तो, काडीले गुंडाळून रोज थोडा थोडा ओढा लागे. मंग डॉक्टर आले, म्हने फडक्यातून गाळल्याबिगर पानी पिऊ नका." साध्या दुहेरी फडक्याने सायक्लॉप्स अडतो, या ज्ञानाचा तो रोग हटवण्यात मोठा वाटा होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६मध्ये नोंदला गेला आणि २०००मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. मी शिकवताना सायक्लॉप्स नेहमी नारूच्या धड्यात येतो आणि तिथेच संपतो. त्याचे नातेवाईक ध्रुवावरच्या तळ्यात लाल अंगरखा घालून राहतात, हे माईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याहीले ऊन लागते म्हना ना!"

२७ मे

दिवसभर घरात. पारा वर, लाइट दोनदा गेली. संध्याकाळी गांधीसागरला चक्कर, रात्री सावजी रस्सा. भाचीने लॅपटॉपवर कोपेपॉडचे फोटो दाखवले आणि एका प्रयोगाबद्दल सांगितलं, तेवढं लिहिते.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले लार्स-आंदर्स हान्सन यांनी २०००मध्ये दाखवलं की कोपेपॉड आपला लाल रंग परिस्थिती पाहून कमी-जास्त करतात. अतिनील वाढवलं की रंग चढतो. पाण्यात माशाचा नुसता वास मिसळला, मासा प्रत्यक्ष नसला, तरी रंग उतरतो. कोपेपॉडकडे आणखी एक साधन असतं. मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं शेवाळातून मिळतात, ती अतिनील शोषतात आणि तरी रंगहीन असतात. मासा आहे आणि ऊनही आहे, अशा वेळी हे पारदर्शक कवच कामाला येतं. डॅफ्नियाच्या गटाला ही आम्लं साठवणं जमत नाही. म्हणून त्याच्यासमोर कात टाकताना फेकावं लागणारं महागडं मेलॅनिन किंवा खोल पाणी, एवढेच मार्ग उरतात.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या तळ्यांचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. तिथल्या उंच तळ्यांत मूळचे मासे नव्हते आणि डॅफ्निया मेलॅनिका काळा होता. विसाव्या शतकात माणसांनी गळाच्या शिकारीसाठी ट्राउट मासे सोडले. ज्या तळ्यांत ट्राउट आले तिथल्या डॅफ्नियाचा रंग काही दशकांत फिका पडला. ऊन तेच, उंची तीच, पाणी तेच. बदलला तो फक्त मासा.

२८ मे

पहाटे पाचला भाऊजींच्या गाडीतून रामटेक. मनसरला चहा, उजाडता उजाडता खिंडसी. तिन्ही बाजूंना टेकड्या, मे महिन्यामुळे पाणी खूप आत गेलेलं आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा. भाचीला पाण्यापेक्षा चिखलच हवा होता.

भेगेच्या कडेची वरची पापुद्र्यासारखी माती तिने पातेल्यात खरवडली, पाणी घातलं, ढवळलं आणि वर तरंगलेला कचरा बारीक चाळणीत घेतला. गाडीच्या बॉनेटवर मायक्रोस्कोप मांडला. बॉनेट इतक्या सकाळीच तापायला लागलं होतं. भिंगाखाली पेंढ्याचे तुकडे, शंखांचा चुरा, आणि त्यात मधोमध एक काळी डबी. खोगिरासारखा आकार, कड जाडसर, पृष्ठभागावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी. सुईने हळूच उघडली. आत दोन अंडी, पिवळट, फुगीर, एकमेकांशेजारी.

ही डॅफ्नियाची सुप्त अंड्यांची डबी, एफिपियम. तळं आटायला लागलं, गर्दी झाली किंवा दिवस बदलले की मादी पाठीवरच्या कवचाचीच अशी डबी करते आणि कात टाकताना सोडून देते. कोरडं पडलं, गोठलं, पक्ष्याच्या आतड्यातून गेलं तरी अंडी टिकतात. दशकांनंतरही उबतात. आणि डबी काळी, कारण तिच्यात मेलॅनिन असतं.

हे बघून मी बराच वेळ काही बोलले नाही. आमच्या खिंडसीतल्या काचेसारख्या डॅफ्नियालाही काळं होता येतं. रंग बनवायची सगळी यंत्रणा तिच्यात आहे. ती फक्त अंड्यांसाठी राखून ठेवते. भेगाळलेल्या चिखलात मे महिनाभर पडून राहणाऱ्या अंड्यांना ना खोल पाण्याचा आसरा, ना हिरव्या पाण्याचं छप्पर. मासाही नाही. ध्रुवावरच्या तळ्यात डॅफ्निया आयुष्यभर ज्या परिस्थितीत राहते, तिच्याशी हिची डबी उन्हाळाभर सामना करते. तिकडे तेच मेलॅनिन जिवंत मादीच्या अंगावर आलं.

ध्रुवीय डॅफ्नियालाही ही डबी लागते, किंबहुना तिचं सगळं वर्षच त्यावर उभं असतं. तळं नऊ-दहा महिने गोठलेलं. बर्फ वितळला की डब्यांतून पिल्लं निघतात, जेमतेम एक-दोन पिढ्या होतात, आणि पुन्हा गोठायच्या आत डब्या तयार व्हायला हव्यात. नर शोधत बसायला वेळ नसतो. तिथले बरेच वाण नराशिवायच सुप्त अंडी घालतात, म्हणजे संपूर्ण तळं काही मोजक्या माद्यांच्या हुबेहूब प्रतींनी भरलेलं असतं. त्यातल्या काही प्रती काळ्या, काही पारदर्शक, आणि तळ्याची खोली, पाण्याचा रंग, अन्न यांवर कोण पुढे जाणार ते ठरतं.

परतताना गाडीत ध्रुवाबाहेरचा विषय निघाला. नेपाळमधल्या खुंबू भागातल्या, एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या तळ्यांत मोठे काळे डॅफ्निया आहेत. २००६मध्ये त्यांचं डॅफ्निया हिमालया असं वेगळी प्रजाती म्हणून वर्णन झालं. अक्षांश म्हणाल तर दिल्लीच्या जवळपासचा, रात्र रोज होते. पण पाणी स्वच्छ, थंड, मासे नाहीत, आणि उंचीमुळे अतिनील जबर. तोच पोशाख. फुटाळ्याच्या काठावर मनाशी जुळवलेली यादी इथेही लागू पडत होती.

२९ मे, परतीची गाडी संध्याकाळची

सकाळी खिडकीतला पेला पाहिला. ताज्या पाण्यात काढलेल्या मोइनांची लाली कुंडीतल्यांपेक्षा उतरलेली दिसत होती, निदान आम्हा दोघींना तरी. मोजमाप केलेलं नाही, म्हणून याहून जास्त काही म्हणत नाही.

सामान भरता भरता भाचीशी पुढचं बोलणं झालं. १९८५मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीची बातमी दिली, १९८७मध्ये माँट्रियल करार झाला. ध्रुवीय जलपिसवांच्या रंगाचा अभ्यास त्यानंतर जोरात सुरू झाला, कारण छप्पर फाटलं तर पहिला मार कोणाला बसेल हे पाहायचं होतं. आता ओझोन सावरतो आहे. जागतिक हवामान संघटना आणि सहकारी संस्थांच्या २०२२च्या अंदाजानुसार आर्क्टिकवर २०४५च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६च्या सुमारास तो १९८०च्या पातळीला येईल. ही माणसांनी एकत्र येऊन केलेली गोष्ट आहे आणि मला वर्गात ती अभिमानाने सांगावीशी वाटते.

पण तळीच बदलत आहेत. गोठलेली जमीन वितळली की तिच्यातला जुना कुजका अर्क पाण्यात उतरतो आणि पाणी तपकिरी होतं. म्हणजे फुटाळ्यासारखं छप्पर येतं, आणि मग मेलॅनिनचा खर्च पारदर्शक वाणांपुढे भारी पडू शकतो. काही ठिकाणी तर तळीच उरत नाहीत. कॅनडातल्या एल्समिअर बेटावर १९८३पासून ज्या उथळ तळ्यांवर डग्लस आणि स्मोल यांनी लक्ष ठेवलं होतं, हजारो वर्षं टिकलेली ती तळी २००६च्या उन्हाळ्यात कोरडी पडलेली त्यांना दिसली. आपल्याकडे तलाव मे महिन्यात आटणं नवं नाही, खिंडसीच्या चिखलातली डबी त्याच हिशोबाने बनलेली आहे. तिकडच्या डबीचा हिशोब गोठण्याचा होता. आटण्यालाही ती पुरेल, पण वर्षामागून वर्षं पाणीच आलं नाही तर? या प्रश्नावर भाची काम करणार आहे, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

खिंडसीची माती मी कागदात बांधून घेतली आहे. जूनमध्ये कॉलेज उघडलं की अकरावीच्या मुलांना त्यातून डब्या शोधायला लावायच्या, उघडून बघायच्या आणि काही उबवायच्या. भाचीने कृती लिहून दिली: माती पूर्ण सुकलेली ठेव, भिजवताना उजेडात ठेव, पाणी उथळ असू दे, आणि नळाचं पाणी घेणार असशील तर आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेव, क्लोरीन गेल्याशिवाय माती टाकू नकोस.